अनुभव धागा: दलाली किती दिली, कधी ठरवली? (जळगाव, धुळे, नंदुरबार)

मागच्या महिन्यात पिंप्राळ्याकडे प्लॉट घ्यायचं ठरलं. १५०० चौरस फूट, सौदा १८ लाखांवर ठरला. २१,००० टोकन दिलं, पेढे आले, आणि पेढा तोंडात असतानाच एजंट म्हणाला, "दादा, आपले दोन टक्के तेवढे लक्षात असू द्या." म्हणजे ३६,०००! दोन महिने त्याच्या गाडीवर मागे बसून फिरलो, शेवभाजी सोबत खाल्ली, पण दलालीचा 'द' ना त्याने काढला ना मी. आता नाही म्हणायची लाज वाटते आणि हो म्हणायला जीव होत नाही. खरेदी अजून व्हायची आहे.

तुमचं काय झालं ते लिहा, आकड्यांसकट. नावं मात्र कुणाचीच नकोत.

केळीच्या बागेतून

आमचं उलटं, आम्ही विकणारे. वडील गेल्यावर आईच्या नावचा प्लॉट काढला. एजंट घरी आला, चहा घेतला आणि म्हणाला, "काकू, तुम्हाला दलाली एक रुपया नाही. तुमच्या हातात किती पाहिजे तेवढं सांगा." आई म्हणाली नऊ लाख. आम्हाला वाटलं, किती भला माणूस!

खरेदीच्या दिवशी रजिस्ट्रार ऑफिसच्या बाहेर झाडाखाली खरेदीखत वाचायला घेतलं, तर रक्कम १०,४०,०००. विचारलं तर म्हणे, "वरचे आपले ठरलेच होते ना." ठरलं होतंच, तोंडी का होईना. १ लाख ४० हजार म्हणजे तेरा टक्क्यांच्या वर गेले. शिवाय कागदावर आईने साडेदहाच्या आसपास घेतलेले, म्हणजे कराचा हिशोबही त्याच रकमेवर. आई अजूनही म्हणते, "पोरगा बोलायला गोड होता."

'हातात किती पाहिजे' हा प्रश्न कुणी विचारला, की आधी त्याला विचारा: गिऱ्हाईक किती देतंय?

बदलीवाला

रेल्वेत आहे, भुसावळला तिसरं घर. भाड्याच्या घराला इथे एक महिन्याचं भाडं दलाली मागतात. पहिल्या घराला पूर्ण दिलं, दुसऱ्याला अर्ध्यावर आणलं. अकरा महिन्यांनी करार नवा करताना तोच एजंट परत हजर, "अर्धा महिना द्या." मी म्हटलं, नवं घर मी शोधलेलं नाही, हे सोडलेलंही नाही, मालक तोच, मग तू केलंस काय? स्टॅम्प पेपर आणून देतो म्हणाला. तो मीच आणला.

देवपूर, धुळे

माझा दलाल म्हणे, "भाऊ, तुम्ही घरना मानूस शेतस, तुमनाकडथून काय लेवानं!" शेवटी घरच्या माणसाकडून दीड टक्का घेतलाच. 😀 'समजून द्या' म्हणणाऱ्यापेक्षा आकडा सांगणारा बरा.

हिशोबनीस

लोकांची रिटर्न भरतो, म्हणून थोडं कोरडं लिहितो. दलालीचा टक्का कायद्याने ठरवून दिलेला नाही. एक-दोन टक्के दोन्ही बाजूंनी घ्यायचे हा फक्त रिवाज. महारेरात (बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) नोंदलेल्या प्रकल्पातला फ्लॅट किंवा प्लॉट विकायचा तर एजंटाचीही महारेरात नोंदणी लागते. तो नंबर इंग्रजी 'ए' अक्षराने सुरू होतो आणि महारेराच्या साइटवर तपासता येतो. एखाद्याच्या जुन्या एकट्या प्लॉटच्या फेरविक्रीला मात्र ही अट नाही, आणि आपल्याकडचे बहुतेक सौदे त्यातलेच.

विकणाऱ्याने दिलेली दलाली नफ्यातून वजा होते, पण बँकेतून दिलेली आणि पावती असलेली. रोख देऊन 'लिहू नका' म्हणणारे मार्चमध्ये माझ्याकडेच येऊन बसतात. दलालीवर १८ टक्के जीएसटी मागितला तर आधी त्याचा जीएसटी नंबर आणि बिल मागा. नंबर नसेल तर कर मागायचा हक्कही नाही.

मीच तो दलाल

वाचत होतो, राहवलं नाही. १२ लाखांचा सौदा, दोन टक्के, २४,०००. लोकांना वाटतं सगळे माझे. पण प्लॉट एकाच्या ओळखीचा, गिऱ्हाईक दुसऱ्याने आणलेलं, मधे मी. हातात आले ८,०००. त्यातून चार महिन्यांचं पेट्रोल. सातबारा, फेरफार (मालकाचं नाव बदलल्याची नोंद), एनएचा म्हणजे बिगरशेतीचा आदेश, तलाठ्याकडे चकरा, हे कोण करतं? आणि प्लॉट दाखवल्यावर त्याच रात्री गिऱ्हाईक मालकाचा फोन नंबर शोधून काढतं, दोघं परस्पर खरेदी करून मोकळे. वर्षाला असे दोन-तीन सौदे माझे जातातच.

आता खरं सांगतो. मी दोन म्हणतो तेव्हा एकावर यायला तयार असतो, फक्त ते पहिल्या दिवशी विचारा. पेढे वाटल्यावर मी पण उतरत नाही.

माहेर अमळनेर

पुण्यात राहते, आईबाबांसाठी तिकडे घर पाहिलं. एजंटाला टक्का नकोच म्हटलं, एकरकमी ३०,०००: अर्धे इसारपावतीला (टोकन देऊन सौदा लिहून ठेवतात तो कागद), अर्धे खरेदीच्या दिवशी. व्हॉट्सअॅपवर लिहून त्याच्याकडून 'हो' घेतलं. पहिलं घर इसारपावतीनंतर फिसकटलं, कारण मालकाच्या बहिणीची संमती नव्हती आणि ती आखाजीला माहेरी आली तेव्हा सही करायला साफ नाही म्हणाली. (तिचंही बरोबरच होतं.) दिलेल्या १५,००० वरून एजंट गुळणी धरून बसला. मी मेसेज पुढे केला. पैसे परत नाही दिले, पण त्यातच दुसरं घर लावून दिलं. पुढच्या वेळी 'सौदा मोडला तर परत' हे चार शब्दही लिहीन.

धागा काढणारा

सगळ्यांचं वाचून काल भेटलो. म्हटलं, भो, चूक माझी पण आहे, आधी विचारलं नाही. पण विकणाऱ्याकडून किती घेतोस? थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, दोनच. म्हणजे एका प्लॉटमागे ७२,०००. मी एक टक्का म्हटलं, तो दीडवर अडला. शेवटी २०,००० ठरले, खरेदीच्या दिवशी, चेकने. त्यात फेरफारची नोंद माझ्या नावावर होईपर्यंत तलाठ्याकडच्या चकरा त्याच्या. हे त्याच्याच डायरीत लिहून घेतलं आणि पानाचा फोटो काढला.

पेढे या वेळी मी दिले.