पार्क चुंग-ही: कोरियाची झेप लष्करी सत्तेमुळे, की सत्ता लष्करी असूनही?

वाईकर (धागाकर्ता)

१६ मे १९६१ च्या पहाटे दक्षिण कोरियाचे मेजर जनरल पार्क चुंग-ही यांचे साडेतीन हजारांच्या आसपास सैनिक हान नदीचा पूल ओलांडून सोलमध्ये शिरले आणि चांग म्योन यांचं निवडून आलेलं सरकार पडलं. १९६३ मध्ये पार्क गणवेश उतरवून अध्यक्षपदाच्या निवडणुकीला उभे राहिले, जेमतेम दीड लाख मतांनी जिंकले आणि १९७९ पर्यंत सत्तेवर राहिले.

माझं मत स्पष्ट आहे: ते नसते तर देशाची ही आर्थिक झेप इतक्या लवकर जमली नसती. १९६४ ला निर्यात १० कोटी डॉलर, १९७७ ला १,००० कोटी. मे १९६४ मध्ये डॉलर १३० वरून २५५ वॉनवर नेला. सप्टेंबर १९६५ मध्ये मुदत ठेवींवर ३० टक्के व्याज दिलं, म्हणजे घराघरातला पैसा बँकेत आला. सर्वसाधारण कर्ज २६ टक्क्यांनी, निर्यातदाराला ६.५ टक्क्यांनी. परदेशी ऑर्डर हातात असेल तरच स्वस्त कर्ज. आढाव्याला दरमहा बैठक, अध्यक्षस्थानी स्वतः पार्क.

सोनचाफा

असहमत. यातल्या कशाला रणगाडे लागतात? तुमचा १३० चा आकडाच बघा. फेब्रुवारी १९६१ मध्ये चांग म्योन सरकारने डॉलर १,३०० ह्वानवर (ह्वान म्हणजे तेव्हाचं चलन) नेला होता. पुढे दहा ह्वानचा एक वॉन झाला, म्हणून १३०. म्हणजे अवमूल्यनाची कडू गोळी निवडून आलेल्या सरकारनेही गिळली होती. पंचवार्षिक योजनेचा मसुदाही त्याच सरकारच्या काळातला. कुळांना जमीन देणारा, तीन हेक्टरांच्या आसपास कमाल मर्यादेचा कायदा तर १९४९ चा.

आणि जून १९६२ ची ती नोटबदली? लपवलेला पैसा बाहेर काढायचा म्हणून गुपचूप नोटा बदलल्या, ठेवी गोठवल्या. मोठं घबाड सापडलंच नाही, उद्योगांचं खेळतं भांडवल मात्र अडकलं. अमेरिकेचा दबाव आला आणि काही आठवड्यांत माघार घ्यावी लागली. गुप्ततेत घेतलेला निर्णय आधी कुणी तपासत नाही, हे त्याचं मूळ.

वाईकर

नोटबदली फसली, मान्य. पण १९६५ चा, जपानशी संबंध पुन्हा जोडणारा करार घ्या. ३० कोटी डॉलर अनुदान, २० कोटी सवलतीचं कर्ज. त्याविरुद्ध जून १९६४ मध्ये सोल पेटलं होतं, लष्करी कायदा लावावा लागला. निवडून आलेलं सरकार तिथेच कोसळलं असतं. त्याच पैशातून पोहांगचा पोलाद कारखाना उभा राहिला. १९७३ ला पहिला टप्पा, वर्षाला १०.३ लाख टन.

सोनचाफा

तो पैसा कुणाच्या नावाने आला होता? कोरियावर राज्य असताना जपानने वेठीला धरलेल्या मजुरांच्या. मृतांच्या वारसांना नंतर ३ लाख वॉन दिले, बस. म्हणूनच २०१८ मध्ये कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाला जपानी पोलाद कंपनीविरुद्ध निकाल द्यावा लागला. लोकांची तोंडं बंद करून केलेला करार मिटत नाही, तो पुढच्या पिढीच्या गळ्यात पडतो.

शिवारफेरी

दोघेही सोलमध्येच अडकलात, जरा गावाकडे या. १९७० मध्ये ३३ हजारांवर गावांना प्रत्येकी ३३५ पोती सिमेंट दिलं, ४० किलोचं पोतं. अट एकच: वाटून घ्यायचं नाही, गावाच्या कामाला वापरायचं. पुढच्या फेरीत काम दाखवणाऱ्या १६,६०० गावांनाच ५०० पोती आणि एक टन सळई. ही खरी अक्कल, आणि तिचं श्रेय पार्कला द्यायलाच हवं.

पण तोंगिल या सरकारने पसरवलेल्या भाताच्या वाणाचं उलट झालं. उतारा भरघोस, पण थंडी सोसत नसे आणि भात चवीला कमी. तरी अधिकाऱ्यांना लक्ष्य गाठायचं, म्हणून ते शेतकऱ्याची दुसऱ्या वाणाची रोपवाटिकाही तुडवत. १९७८ ला करपा पडला, १९८० ला थंडीने पीक गेलं. सिमेंटमध्ये निवड गावाची होती, भातात नव्हती.

सोनचाफा

नेमकं हेच राजकारणातही झालं. १९७२ च्या ‘युशिन’ नावाच्या नव्या राज्यघटनेने अध्यक्षाची थेट निवडणूकच संपवली. ९ एप्रिल १९७५ ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर २४ तासांच्या आत, सरकार उलथवण्याच्या कटाचा आरोप ठेवलेल्या आठ जणांना फाशी दिलं. २००७ मध्ये तेच आठ निर्दोष ठरले. ही किंमत कुठल्या निर्यातीतून वजा करायची?

वाईकर

त्या फाशीचं समर्थन मी करणार नाही. माझा दावा १९६१ ते १९७१ पुरता धरा.

सोनचाफा

तसा तुकडा पाडता येत नाही. १९७१ ला पार्कविरुद्ध उभ्या राहिलेल्या किम दे-जुंगना ४५ टक्के मतं पडली, म्हणून तर युशिन आलं. मतपेटीने हटवण्याची वाट बंद झाल्यावर २६ ऑक्टोबर १९७९ ला पार्कच्याच गुप्तचर प्रमुखाने, किम जे-ग्यूने, जेवणाच्या बैठकीत त्याला गोळ्या घातल्या. सात आठवड्यांत, १२ डिसेंबरला, चुन दू-ह्वान नावाच्या दुसऱ्या मेजर जनरलने सोलमध्ये सैन्य घुसवलं.