शेजाऱ्याला दुसऱ्या क्रमांकावर ठेवता येईल का?

देवावरील प्रीती ही पहिली आज्ञा असल्याने शेजाऱ्याचा विचार सवडीने केला तरी चालेल, असे एका प्रतिसादात म्हटले आहे; ते मत मला पटत नाही. शास्त्र्याने (धर्मशास्त्राच्या शिक्षकाने) सर्वांत पहिली अशी एकच आज्ञा विचारली असताना येशूने बायबलमधील दोन वचने एकत्र सांगितली: देवावर पूर्ण मनाने प्रीती कर (अनुवाद ६:५) आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर (लेवीय १९:१८); हा प्रसंग मार्कच्या शुभवर्तमानात, अध्याय १२ मध्ये आहे. ‘माझा शेजारी कोण?’ असे विचारणाऱ्याला तर तो व्याख्याही देत नाही. तो एक दाखला सांगतो: लुटारूंनी वाटेत जखमी करून टाकलेल्या एका परक्या माणसाच्या जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून त्याला आपल्या जनावरावर बसवणारा आणि दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या मालकाच्या हातावर दोन दिनार (चांदीची नाणी) ठेवणारा शोमरोनी, म्हणजे शोमरोन प्रांतातला माणूस, तो दाखवतो, ज्याच्या लोकांशी यहुदी संबंध ठेवत नसत.

आम्हा लातूरकरांना हे कळायला लांब जावे लागत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले, तेव्हा घागर भरताना देणाऱ्याची जात कोणी विचारली नाही. त्याच उन्हाळ्यात आमच्या गल्लीतील एक काकू आपल्या बोअरचा पाइप भिंतीवरून सोडून आधी शेजारच्या तीन घरांचे हंडे भरत आणि मग स्वतःचा. मी रविवारची उपासना चुकवत नव्हतो, पण त्यांचा तो शेवटचा हंडा एकदाही उचलून दिला नाही, याची टोचणी मला आजही आहे.