मदत हवी आहे: जुना डेक पाडू की फळ्याच बदलू?

नमस्कार मंडळी. न्यू जर्सीतल्या घरामागचा आमचा लाकडी डेक (घराला जोडलेला उघडा लाकडी ओटा) २००१ सालचा आहे. वरच्या फळ्या तडकल्यात, अनवाणी चाललं की कुसळं टोचतात. खालचे वासे मात्र ठणठणीत. स्क्रूड्रायव्हर टोचून पाहिला, रुतत नाही. फक्त दाराखाली, भिंतीला बोल्टने जोडलेली फळी काळी पडून मऊ झालीय. डेकचा घराकडच्या बाजूचा भार तिच्यावर, म्हणून ती आधी बदलणारच. वर काँपोझिट (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून बनवलेल्या) फळ्या टाकायच्या आहेत. वासे एकमेकांपासून १६ इंचांवर आहेत, चालेल ना?

२००४ पूर्वीच्या, कुजू नये म्हणून रसायन मुरवलेल्या अशा लाकडात बहुधा आर्सेनिक असायचं, त्यामुळे घासणं-जाळणं नको. मग जुन्या फळ्या कुठे टाकल्यात? परमिट लागलं का? कंत्राटदार सगळंच पाडा म्हणतोय, पण धडधाकट सांगाडा फेकायला जीव होत नाही. कुणी केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.