अंजीर आणि यकृत: पोर्तुगीज ‘फीगादु’ कुठून आला?

प्रश्न: मी पोर्तुगीज शिकतेय. यकृताला ‘फीगादु’, अंजिराला ‘फीगु’. स्पॅनिशमध्येही तसंच, ‘ईगादो’ आणि ‘ईगो’. हा योगायोग आहे का?

प्रतिसाद: अजिबात नाही! लॅटिनमध्ये यकृताला ‘येकुर’ म्हणत. संस्कृत ‘यकृत्’शी त्याचं थेट नातं आहे. पण रोमन लोक जनावरांना अंजिरं चारून त्यांचं यकृत फुगवायचे. डुकरिणींवर हा प्रयोग आपिकियस या रोमन खवय्याने केला, असं रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकात लिहून ठेवलंय. त्या पदार्थाचं नाव ‘येकुर फिकातुम’, म्हणजे अंजिरांवर पोसलेलं यकृत. बोलता बोलता ‘येकुर’ गळून पडलं आणि विशेषणच अवयवाचं नाव झालं, माणसाच्या यकृताचंसुद्धा. खाटकाकडची भाषा वैद्याकडे पोचली, हे मला फार विलक्षण वाटतं. ग्रीकांनीही हेच केलं: ‘सिको’ अंजीर, ‘सिकोती’ यकृत.

इटालियन ‘फेगातो’, रोमेनियन ‘फिकात’ त्यातलेच. रोमेनियनकडे नीट कान द्या: तिथे आघात (उच्चारातला जोर) लॅटिनसारखाच ‘का’वर आहे, इटालियन, स्पॅनिश, पोर्तुगीजमध्ये तो पहिल्या अक्षरावर सरकला.

प्रश्नकर्ती: मग ‘फ्वा ग्रा’ या फुगवलेल्या यकृताच्या फ्रेंच पदार्थातलं ‘फ्वा’?

प्रतिसाद: तेच. फ्रेंचने शब्द इतका झिजवला की अंजीर ओळखूच येत नाही. आता त्यासाठी बदकांना अंजिरांऐवजी मका भरवतात.

आणखी एक प्रतिसाद: इटालियनमध्ये ‘फेगातो असणं’ म्हणजे धाडस असणं. आपलं ‘वाघाचं काळीज’ आठवा. काळीज म्हणजेही मुळात यकृतच, मटणवाल्याकडची कलेजी.