कीट्‌सवर पीएच.डी. करून पोट भरेल का?

पंचगंगाकाठ: शिवाजी विद्यापीठातून इंग्रजीत एम.ए. केलं. इंग्रजी कवी कीट्‌सवर पीएच.डी. करायची आहे, घरचे नको म्हणतात. कुणी केलंय का?

मंगळवारपेठकर: मी केलंय. आधी नेट नाहीतर सेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, काढ. नऊ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं मी, मे महिन्यात हातात दमडी नसायची. बायकोनं शिवणकाम करून घर चालवलं, ते विसरणार नाही. पण विषय सोडला नाही. 1819 च्या सप्टेंबरात कीट्‌सनं शरद ऋतूवर कविता लिहिली. त्यात शरद सफरचंदाच्या घाण्यापाशी बसून शेवटचे थेंब गळताना तासन्‌तास बघतो. शिरोळ, कागलकडची पोरं पुस्तकाकडं बघत गप्प बसायची. मग मी गुऱ्हाळाचा विषय काढला: चरकाखालची घमेली, थेंब थेंब पडणारा रस, काहिलीचा वास. मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "सर, हे आमच्या रानातलंच की!" त्या तासासाठी मी हे काम करतो.

जुना राजारामियन: केशवसुतांना सोबत घे, तुलनेला मोठं रान आहे. कवी माधव जूलियनही इथं कोल्हापुरात राजाराम कॉलेजात फारसी शिकवायचे.

पंचगंगाकाठ: सर, तुमचं उत्तर आईला वाचून दाखवलं. सेटचा अभ्यास आजपासून.