कोपरावर कॅल्शियमच्या गाठी, लेकीचं दूध बंद करू का?

नाचणीवाली_आई: मुलगी ९ वर्षांची, ज्युवेनाइल डर्मॅटोमायोसायटिस (लहान मुलांमधला स्नायू आणि कातडीला सूज आणणारा आजार). आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट (इम्युनिटी दाबणारं औषध), स्टिरॉइड हळूहळू कमी करत आणलंय, जिना आता न धरता चढते. पण कोपराला आणि गुडघ्यामागे खड्यासारख्या कडक गाठी आल्यात, एक्स-रेत पांढऱ्याफट्ट दिसतात, डॉक्टर म्हणाले कॅल्सिनोसिस, म्हणजे कॅल्शियम साचलंय. सासूबाई म्हणतात दूध, नाचणी आणि कॅल्शियमची गोळी सगळं थांबव. थांबवू का? आणि या गाठी जातात का हो?

अभि_पुणे: ताई दूध अजिबात थांबवू नका!! या आजारात रक्तातलं कॅल्शियम बहुतेक नॉर्मलच असतं, सूज येऊन दुखावलेल्या जागी ते साचतं, खाण्यातून नाही येत. उलट स्टिरॉइडने हाडं ठिसूळ होतात म्हणून तर ती गोळी देतात. माझ्या भाच्याला गाठी आल्या तेव्हा डॉक्टरांनी आधी आजार आतून धुमसतोय का ते पाहिलं आणि मूळ औषधच वाढवलं, आयव्हीआयजी (शिरेतून देतात ती अँटिबॉडीची सलाइन) पण दिलं. नवीन गाठी थांबल्या, जुन्या काही बारीक झाल्या पण त्याला खूप महिने लागले.

रेश्मा_फिजिओ: हेच लिहिणार होते. गाठींवर हमखास असं एकही औषध सिद्ध झालेलं नाही, पामिड्रोनेटची सलाइन, डिल्टियाझेम, सोडियम थायोसल्फेट, हल्ली टोफासिटिनिब, सगळ्यांचे अनुभव थोड्या थोड्या पेशंटवरचे आहेत त्यामुळे कुणाला गुण आला म्हणून तेच मागू नका. गुडघा पूर्ण सरळ होतो का ते रोज बघा, आखडायला लागला तर लगेच सांगा. गाठ चोळायची नाही, तेल लावून रगडायची तर नाहीच, कातडी फुटते. फुटून खडूच्या पाण्यासारखं पांढरं आलं तर दाबू नका, स्वच्छ ड्रेसिंग करून दाखवून घ्या, आणि लाल होऊन ताप आला तर त्याच दिवशी जा, इम्युनिटी दाबलेली असते ना.

नाचणीवाली_आई: मालिश आजपासून बंद. ऑपरेशन करून काढतात का?

अभि_पुणे: काढतात, पण एखादीच गाठ खूप दुखत असेल किंवा सांधा अडवत असेल तर, आणि शक्यतो आजार शांत असताना. पुढच्या व्हिजिटला रक्तात एनएक्सपी-२ नावाची अँटिबॉडी तपासलीय का विचारा, ती असलेल्या मुलांना गाठी जास्त होतात. आणि उन्हात फुल बाह्या आणि सनस्क्रीन, उन्हाने हा आजार उसळतो.

नाचणीवाली_आई: विचारते. आत्ता तिला दूध देऊन आले, सासूबाईंना पण हे सगळं वाचून दाखवलं.