चर्चा: शाळेत पोरासाठी मागणं म्हणजे भांडण?

राजारामपुरीची आई
मुलगा स्वमग्न (ऑटिझम असलेला), तिसरीत आहे. घंटा झाली की कान दाबून बाकाखाली बसतो. घंटेआधी दोन मिनिटं त्याला बाहेर न्या, एवढंच मागितलं. उत्तर आलं, "एकासाठी शाळा बदलत नाही, विशेष शाळा बघा." मग लेखी अर्ज दिला, पोच घेतली. आता मी 'कायदेवाली बाई'! २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १६ मुलाच्या गरजेप्रमाणे सोय द्यायला सांगतं. पालकांनो, विनवण्या सोडा, लेखी मागा.

कागलचा शिक्षक
ताई, नाही पटत. माझ्या वर्गात ४८ पोरं, मदतनीस नाही. फिरते विशेष शिक्षक येतात, पण त्यांच्यामागे कितीतरी शाळा. कलम पुढं केलं की शिक्षक बिचकतो आणि नियमापुरतंच करतो. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आईनं वही लिहून दिली: पोरगी कशाला भिते, कशानं शांत होते. त्या वहीनं मला शिकवलं. अर्जानं ते झालं नसतं.

राजारामपुरीची आई
गुरुजी, वही मीही दिली होती, जूनमध्ये. ऑगस्टमध्ये ती कपाटावर तशीच पडलेली बघितली. अर्ज त्यानंतरचा.

बावड्याचा बाप
माझी लेक दोन वर्षं साध्या शाळेत नुसती बसून होती. विशेष शाळेत घातली, आता स्वतः डबा उघडून जेवते. साध्या शाळेचा हट्ट कधीकधी आपला असतो, लेकराचा नसतो.

राजारामपुरीची आई
दादा, लेकीचं ऐकून खरंच बरं वाटलं. पण ती शाळा तुम्ही निवडलीत. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळची शाळा की विशेष शाळा, ही निवड कलम ३१ नं आपल्याकडंच दिलीय. मला मात्र दार दाखवलं.

शाहूपुरीकर
१९१७ मध्ये शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला १ रुपया दंड होता. त्याच कोल्हापुरात आई पोराला घेऊन शाळेच्या दारात उभी आहे आणि तिलाच भांडखोर म्हणायचं?

कागलचा शिक्षक
भांडखोर मी म्हटलं नाही. पहिल्याच भेटीत अर्ज नको, यावर मी ठाम आहे. पण ताई, तुमच्या अर्जात वर्गाला मदतनीस मागितलाय का? आम्ही मागून थकलो, पालक कधी मागत नाहीत.

राजारामपुरीची आई
नाही मागितला. सुचलंच नव्हतं. सोमवारी दुसरा अर्ज देते, त्यात तेच पहिलं.